जहाजाची कातडी

दामिनीने नळीतून लोखंडी कांडी सोडली. कांडी जहाजाच्या कुशीवर आपटली, टणकन वाजली आणि उडून गवतात पडली.

"काका, भोक नाही पडलं," ती म्हणाली.

"पुन्हा टाक," रुपराव म्हणाले.

तिने जागा बदलून पुन्हा टाकली. कांडी पुन्हा उडाली. दामिनीने बोटाने त्या जागी दाबून पाहिलं. बोटाखाली काही हललं नाही. तिने वसंतरावांकडे पाहिलं.

काटोलच्या अलीकडे चंपतरावांची संत्र्याची बाग आहे आणि बागेच्या टोकाला शेततळं आहे. हिवाळ्यात रविवारी नागपूरहून पाचसहा हौशी माणसं आपापली जहाजं घेऊन तिथे येतात. जहाजं म्हणजे खेळणी नव्हेत. चारपाच फूट लांब, खऱ्या युद्धनौकेच्या नकाशावरून बांधलेली, हातातल्या रिमोटवर चालणारी. त्यांच्या तोफांतून वायूच्या जोरावर लोखंडी छर्रे सुटतात. छर्रा लागला की कुशीला भोक पडतं, भोकातून पाणी शिरतं, पोटातला पंप ते बाहेर फेकत राहतो. पंप हरला की जहाज बुडतं. मग दोरीने वर काढायचं, वाळवायचं, भोकं बुजवायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायचं.

यात सगळा खेळ कातडीचा असतो. लाकडी बरगड्यांवर बाल्साची पातळ फळी चिकटवायची आणि तिच्यावर कागद. ही कातडी छर्र्याने फाटली पाहिजे. म्हणून उतरण्याआधी प्रत्येक जहाज आडवं करून त्यावर कांडी टाकतात. कांडी आत गेली तर जहाज पास. ज्याला भोक पडत नाही, ते तळ्यात उतरत नाही. हा नियम रुपरावांनीच घातला होता. एका वर्षी वसंतरावांनी फळीला आतून गुपचूप कापड लावून आणलं होतं, तेव्हा रुपरावांनी त्यांना जहाजासकट गाडीत बसवून परत पाठवलं होतं.

वसंतराव बँकेतून निवृत्त झालेले. ती गोष्ट ते कधी विसरले नव्हते. आज टोमणा मारायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण ते म्हणाले, "पास कर वं, पोरी. काय फरक पडते? तसंही आज त्याच्यावर कोणी..."

आणि चष्मा पुसू लागले.

रुपरावांना उरलेलं वाक्य कळलं. आज आपल्या जहाजावर कोणी छर्रा मारायचा नाही, असं यांनी आधीच ठरवलं होतं. मनकर्णा गेल्यापासून रुपराव पहिल्यांदाच तळ्यावर येत होते. त्यांनी चार फेऱ्या माराव्यात, मन रमवावं आणि कोरडं जहाज घेऊन घरी जावं, असा सगळ्यांचा बेत.

"लॅकर मारला काय जी याच्यावर?" चंपतरावांनी विचारलं. ते कोपरीत, डोक्याला दुपट्टं बांधून उभे होते. जहाजातलं त्यांना काही कळत नसे. त्यांना काळजी एकच, तळ्याच्या तळाशी अंथरलेल्या प्लास्टिकच्या पन्नीची.

"मारला थोडा," रुपराव म्हणाले.

थोडा नव्हता. रुपराव एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या कामावर होते. जहाजाचा सांगाडा, मोटर, पंप, तोफा हे सगळं त्यांचं काम. कातडी मात्र मनकर्णाची. ती पारशिवनीकडची. माहेरी आणि सासरी मिळून तिने इतके पापड लाटले होते की कोणती गोष्ट किती पातळ आहे ते तिला डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळायचं. फळी ती घासायची, कागद ती चिकटवायची. लढाई झाल्यावर भोकं तीच बुजवायची आणि तीही आतून, कारण जहाजाच्या पोटात रुपरावांचा हात जात नसे, तिचा जायचा. कागद पतंगाचा. संक्रांत झाली की ती गल्लीतले फाटके पतंग गोळा करून ठेवायची. जहाजाला ती गावाकडच्या होडीसारखं डोंगा म्हणायची.

शेवटची कातडी तिने मागच्या हिवाळ्यात चढवली. मग दवाखाने सुरू झाले. पावसाळ्यात ती गेली. त्यानंतर दुपारी घर खायला उठलं की रुपराव जहाज टेबलावर घ्यायचे आणि कुशीवर लॅकरचा एक हात द्यायचे. कागद सादळू नये, एवढंच मनात असायचं. एक हात वाळला की दुसऱ्या दुपारी दुसरा. किती हात झाले त्यांनाच ठाऊक नव्हतं. बसचा पत्रा रंगवणाऱ्या माणसाला थर किती चढतो हे कळायला हवं होतं, पण कळलं नाही खरं.

"नियम आहे," रुपराव म्हणाले. "भोक नाही तर उतरवायचं नाही."

"मग आता?" दामिनीने विचारलं.

"मग काय. नेतो घरी."

त्यांनी जहाज उचललं आणि तसेच उभे राहिले. नेता आलं असतं. बैठकीत कपाटावर ठेवलं असतं. वर काच बसवली असती. मनकर्णाच्या हातची कातडी तशीच राहिली असती, त्यांच्या मरेपर्यंत.

पण ते कपाटावरचं जहाज पाहून मनकर्णा काय म्हणाली असती, तेही त्यांना ऐकू येत होतं. तिला जहाज बुडलेलं आवडायचं. डबा घेऊन ती तळ्याच्या काठावर बसायची आणि यांचं जहाज कलंडलं की पदर तोंडाला लावून हसायची. एकदा रुपराव हरल्यावर चिडले, तर म्हणाली, "काहून चिडून राहिले? नाही बुडलं तर मी आठवडाभर काय लिपू?" आणि दवाखान्यातल्या खाटेवर, बोलणं कमी झालं होतं तेव्हा, एकदा आपणहून म्हणाली होती, "डोंग्याचं बरं आहे. बुडते, निघते, सुकते, पुन्हा चालू."

रुपरावांनी जहाज पुन्हा खाली पोत्यावर ठेवलं.

"वसंतराव, फळी अन् कागद आहे काय पेटीत?"

"आहे ना. काहून?"

"द्या. कातडी काढतो."

दामिनीने एकदम वर पाहिलं. मग वसंतराव हळूच म्हणाले, "रुपराव, वहिनींच्या हातचं आहे ते. राहू द्या. एक दिवस नियम नाही पाळला तर काय आभाळ कोसळते?"

"तुम्हाले परत पाठवलं होतं तेव्हा नाही कोसळलं?"

"तेव्हा कोसळलंच होतं. घरी जाऊन बायकोले काय सांगितलं ते माझं मले माहीत."

सगळे हसले. रुपरावही हसले आणि त्यांनी ब्लेड घेतलं. बरगडीच्या कडेने ते पातं फिरवू लागले. दामिनीने जहाज दोन्ही हातांनी धरून ठेवलं. एरवी जुनी कातडी काढताना तिचे तुकडे होतात. पण ही लॅकरमुळे चामड्यासारखी चिवट झाली होती. सुरुवातीला एक कोपरा सुटला, मग हाताच्या रेट्याने एका बाजूची अख्खी कातडी एका तुकड्यात निघून आली.

रुपरावांनी ती उलटी करून उन्हात धरली.

बाहेरून जहाज सगळं करड्या रंगाचं होतं. आतून मात्र ठिगळंच ठिगळं. लाल, हिरवी, जांभळी, पिवळी. मागची फळी चांगली असली तर मनकर्णा ती न काढता वरचा कागदच बदलायची, त्यामुळे कितीतरी हिवाळ्यांची भोकं तिथे होती. प्रत्येक ठिगळ सुपारीएवढं गोल, कडा बोटाने दाबून बसवलेल्या. ठिगळांच्या जागी फळी नव्हती, नुसता कागद होता, म्हणून ऊन आरपार येत होतं आणि रुपरावांच्या सदऱ्यावर रंग पडले होते.

"हे माझं आहे," वसंतराव एकदम म्हणाले. त्यांनी चष्मा वर केला. "हे हिरवं. पाण्याच्या रेघेखाली, मागून दुसऱ्या बरगडीजवळ. या छर्र्यानं बुडवलं होतं मी यांना. वहिनींनी त्या दिवशी मले जास्तीची पुरणपोळी वाढली होती."

"मले नव्हती दिली," रुपराव म्हणाले.

"हरल्यावर वहिनी काहून देतील?"

दामिनीने वाकून पाहिलं. "ही जोडी माझी असेल, काका. मी पहिल्यांदा आले होते तेव्हाची. काकू म्हणाल्या होत्या, घाबरू नको वं, मार. फाटलं तर मी बसली आहे."

चंपतरावांनीही मान पुढे केली. "यातलं तळ्याच्या पन्नीले लागलं ते कोणतं?"

"ते तुमच्या पन्नीवर शोधा जी," वसंतराव म्हणाले.

रुपराव ऐकत होते. त्यांना वाटलं होतं ही कातडी आपल्या एकट्याची आहे. पण प्रत्येक जण त्यात आपली जागा ओळखत होता आणि प्रत्येकाला त्या जागेबरोबर मनकर्णाचं एक वाक्य आठवत होतं. काही वाक्यं तर त्यांनी स्वतः कधी ऐकली नव्हती. त्यांनी दुसऱ्या बाजूची कातडी काढली. चंपतरावांच्या पत्नी कुसुमताई घरातून आल्या होत्या, त्यांनी दोन्ही तुकडे धुतलेल्या लुगड्यात गुंडाळले आणि आत नेऊन खाटेवर ठेवले.

मग कातडी चढवायचं काम सुरू झालं. फळी कापणं जमलं. कागद चिकटवताना मात्र रुपरावांच्या जाड बोटांना कागद चिकटू लागला. पहिला तुकडा चुरगळला, दुसऱ्याला सुरकुत्या पडल्या. पत्रा जसा ओढायचा तसा ते कागद ओढत होते.

"पाण्याचा हात लावा जी," कुसुमताई मागून म्हणाल्या. "कोरड्या हातालेच चिकटते. पापडावर कसा तेलाचा हात लावतो आपण."

"पापड आम्ही खाल्ले फक्त."

"ते दिसूनच राहिलं."

रुपरावांनी हात ओला केला. तिसरा तुकडा बरा बसला. कोणालाच घाई नव्हती. बाकीची जहाजं पोत्यांवर पडून होती, माणसं झाडाखाली संत्री सोलत बसली होती आणि मध्येच कोणीतरी येऊन बरगडी धरत होता, कोणी कागदावर फुंकर घालत होता. खरं तर अर्धा दिवस रुपरावांपायी वाया गेला होता. रुपराव तसं म्हणालेही. वसंतराव म्हणाले, "घरी असतो तर बायकोनं कांदे आणायला पाठवलं असतं. बसू द्या."

उन्हात कातडी वाळली. दामिनीने जहाज आडवं करून नळी धरली आणि कांडी सोडली.

कांडी आरपार आत गेली. रुपरावांच्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला. ते भोक त्यांनी स्वतःच कागद लावून बुजवलं, बाहेरून, कारण आत हात जात नव्हता.

"आता एक सांगतो," ते म्हणाले. "मले माहीत आहे तुम्ही काय ठरवलं ते. तुमच्या मनात चांगलं होतं, त्याचे उपकारच आहेत. पण मी काही फेऱ्या मारायला नाही आलो. माझ्यावर छर्रा नाही मारला तर पुढच्या रविवारी मी येणार नाही."

"मग पाहा हं," वसंतराव डोळ्यांना छर्र्यांपासूनचा जाड चष्मा लावत म्हणाले. "रडायचं नाही."

जहाजं पाण्यात उतरली. रुपरावांचं जहाज सगळ्यांत वेगात निघालं आणि पहिला मार त्यांनीच वसंतरावांच्या जहाजावर केला. तोफेचा फट् असा आवाज झाला आणि कुशीत छर्रा घुसला. "अबे," वसंतराव म्हणाले आणि वळले. मग डावीकडून दामिनी आली. तिचा पहिला छर्रा हुकून पाण्यात गेला. रुपराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "नीट मार, पोरी."

तिने नीट मारला.

पाणी शिरलं. पंपाची धार उंच उडू लागली. वसंतरावांनी वळून मागून मारलं, पाण्याच्या रेघेखाली. सुरकुती होती तिथून कागद लांब फाटला. धार चालूच होती, पण जहाज एका बाजूला झुकलं. रुपरावांनी ते काठाकडे वळवलं नाही. तोफेत छर्रे होते तोवर ते मारत राहिले. मग मागचा भाग खाली गेला, पुढचं टोक वर आलं, क्षणभर उभं राहिलं आणि पाण्याखाली गेलं. थोड्या वेळाने दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा वर आला.

सगळे रुपरावांकडे बघत होते.

"शेवटचा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

वसंतरावांनी हात वर केला.

"चांगला मारला," रुपराव म्हणाले.

दामिनीने काठीच्या आकड्याने थर्माकोल ओढून दोरी त्यांच्या हातात दिली. ते ओढू लागले. पाण्याने भरलेलं जहाज जड होतं आणि पन्नीच्या उतारावर पाय सरकत होते. वसंतराव दोरीला हात लावायला पुढे झाले.

"राहू द्या," रुपराव म्हणाले. "उचलते मले."

त्यांनी जहाज काठावर घेतलं, मग दोन्ही हातांनी छातीशी उचलून धरलं. भोकाभोकांतून पाणी गळत होतं. सदरा भिजला, धोतर भिजलं, चपलांमध्ये पाणी साचलं. कोणीतरी पोतं पुढे केलं, पण त्यांनी जहाज खाली ठेवलं नाही. शेवटचा थेंब गळेपर्यंत ते तसेच उभे राहिले.