बाईने दाखवलेला रस्ता

हिलाल मेला. भर दुपारी, खाडीच्या चिखलात रुतलेल्या परदेशी गाडीजवळ मेला.

पण असं काही घडलेलंच नाही. कारखान्याच्या हजेरीप्रमाणे हिलाल त्या दिवशी कामावर नव्हता. महापालिकेच्या लेखी ती जागाच नाही. आणि गाडीच्या नकाशाप्रमाणे तर गाडी सुखरूप दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचली असती. इतक्या मोठमोठ्या लोकांना खोटं पाडणं बरं दिसत नाही. तेव्हा हिलालला तूर्त जिवंत धरू आणि गाडीपासून सुरुवात करू.

गाडी धनसुखशेठची. शेठचे नवागामच्या पलीकडे पॉवरलूमचे शेड होते आणि जपानात एक मेव्हणा होता. प्लेग येऊन गेला, सुरत घासूनपुसून लख्ख झाली, धंदा पुन्हा उभा राहिला, तेव्हा मेव्हण्याने खूश होऊन ही पांढरी गाडी पाठवली. तिच्या पुढच्या फळीत एक छोटा टीव्ही होता. तो काढायचा म्हटलं असतं तर आधी गाडी फोडावी लागली असती. टीव्हीवर नकाशा दिसायचा आणि आतून एक बाई जपानीत रस्ता सांगायची. सुरुवातीला ती टोकियोचाच रस्ता सांगायची. उधन्याच्या चौकात उभं राहून टोकियोचा रस्ता ऐकायला शेठला पहिले आठ दिवस फार मजा आली.

मग मुंबईचा एक एजंट भेटला. तो म्हणाला, सुरतचा नकाशा सीडीवर करून देतो, पण दरवर्षी फी भरायची. फी थांबली की नकाशा जुनाच राहणार. फी ड्रायव्हरच्या पगारापेक्षा जास्त होती. शेठला त्यातून एवढंच कळलं, की बाई ड्रायव्हरपेक्षा हुशार असणार.

ड्रायव्हर वाल्मिक, पारोळ्याकडचा. नवागामच्या चाळीत राहायचा. त्याला बाईचे दोनच शब्द यायचे. हिदारी म्हणजे डावीकडे, मिगी म्हणजे उजवीकडे. तेवढ्यावर नोकरी चालली होती.

"वाल्मिक, बाई शुं कहे छे?" शेठ मागून विचारायचे. घरापासून कारखान्यापर्यंतचा रोजचाच रस्ता असला तरी विचारायचे.

"हिदारी म्हणते, शेठ. पण डावीकडे भाजीवाल्या बसल्यात."

"फी किसको दिया? भाजीवाली को के बाई को?"

मग वाल्मिक डावीकडे वळायचा. भाजीवाल्या टोपल्या उचलत त्याच्या खानदानाला नावं ठेवायच्या, आणि नकाशावरचा लाल ठिपका दिमाखात पुढे सरकायचा. घरी बायको, उज्ज्वला, ताट वाढताना विचारायची, "आज काय म्हने तुमनी बाई?" हा प्रश्न थट्टेत सुरू झाला होता. पुढे पुढे त्यातली थट्टा कमी होत गेली.

आता सीडीवर सुरत आली कशी, ते सांगायला हवं. एजंटाने मोजणीसाठी एक पोरगेला माणूस पाठवला होता. काठीवर डबा, गळ्यात पिशवी, डोक्यावर टोपी. शेठने वाल्मिकला सांगितलं, याला आपल्या बाजूचे रस्ते दाखव. वाल्मिक त्याला घेऊन चाळीपाशी आला आणि चाळीचं काळीजच थांबलं. ते दिवस रस्तारुंदीचे होते. टोपीवाला येतो, भिंतीवर लाल रंगाने खूण करतो, आणि मागून जेसीबी येतो, एवढं सगळ्यांना पाठ झालेलं. माणूस नकाशा काढायला आलाय, पाडायला नाही, असं वाल्मिकने सांगून पाहिलं.

"नकाशा कशासाठी काढतस मंग? भिंतवर लावाले?" चाळीतला वडीलधारा बन्सीलाल म्हणाला.  गाडीतल्या जपानी बाईसाठी, असं सांगितलं असतं तर लोकांनी वाल्मिकलाच दवाखान्यात नेलं असतं.

बन्सीलालने बसल्या बसल्या तोड काढली. चाळीतून रस्ता काढायची गरजच नाही, कारण मागे खाडीकाठाने मोठा रस्ता आहेच, आणि तो थेट रेल्वे लाइनच्या पलीकडे निघतो, असं दाखवायचं. खाडीकाठाला तेव्हा राख, चिंध्या आणि डुकरं होती. पोरांनी तोंडाशी दोन पाट्या मुरूम टाकला. कोणीतरी पत्र्यावर बाण रंगवून रोवला. बायका भाजीच्या पिशव्या घेऊन बाजारातून आल्यासारख्या राखेतून चालत आल्या. आणि हिलाल, बन्सीलालचा शेजारी, वाल्मिकचा गाववाला, शेडमध्ये लूम चालवणारा हसरा गडी, त्याने रहदारीचं काम अंगावर घेतलं. सायकलवरून घंटी वाजवत तो त्या उकिरड्यावरून जायचा, खड्ड्याआड वळायचा, टोपी घालून परत यायचा, टोपी काढून परत जायचा.

"बहुत ट्रॅफिक है," मोजणीवाला म्हणाला. खाडीच्या वासाने त्याने नाकाला रुमाल लावलेला होता. पुढे जाऊन बघायची त्याची इच्छा नव्हती. "रोड आगे क्रॉस होता है न?"

सगळी चाळ वाल्मिककडे बघत होती. "होता है, साहब," वाल्मिक म्हणाला.

माणसाने उभ्या उभ्या रेघ ओढली. रात्री चाळीत शिरा झाला. घरं वाचली म्हणून शोभाबाईने, हिलालच्या बायकोने, हिलालच्या सायकललाही कुंकू लावलं.

त्यानंतर वर्ष सरत आलं असेल. एका दुपारी लूमच्या पट्ट्यात हिलालचा हात गेला. मशीन बंद होईपर्यंत कोपराखाली हात म्हणावा असं फारसं उरलं नाही. लोकांनी दंडाला गमछा आवळला. अॅम्ब्युलन्सला फोन केला तर फोन वाजतच राहिला. शेठ घाबरले. शेडमध्ये माणूस मेला तर पोलीस येणार, म्हणून त्यांनी स्वतःची गाडी दिली. सीटवरची प्लॅस्टिकची कव्हरं सुदैवाने अजून काढलेली नव्हती, असं ते स्वतःच दोनदा म्हणाले. हिलालला मागे आडवं केलं, शेठ पुढे बसले, वाल्मिकने गाडी काढली.

रेल्वेचं फाटक बंद होतं. समोर मालगाडी उभी. इंजिन कुठे ते दिसत नव्हतं, डबेच डबे.

"हिदारी," बाई म्हणाली.  नकाशावर डावीकडे ठसठशीत रेघ होती. खाडीकाठाने जाऊन लाइन ओलांडणारी, फाटक नसलेली, अगदी सरळ.

"ले ने डाबी!" शेठ ओरडले.

"शेठ, तिथे रस्ता नाही."

"स्क्रीन पे है."

"ती चूक आहे, शेठ. आम्हीच खोटा दाखवला होता. घरं पाडतील म्हणून."

शेठने त्याच्याकडे असं बघितलं, की जणू त्याने आत्ताच देवळातली घंटा चोरली. "तू खोटुं बोले छे के बाई? पूरा साल का पैसा भरा है मैंने!"

मागून हिलालचा आवाज आला. तोंड पांढरं पडलेलं. "वाल्मिकभाऊ... तठे रस्ता नही शे. तठे मीच सायकल चालाडी."

"शुं कहे छे ए?"

वाल्मिकने सांगितलं, "शेठ, तो म्हणतोय तिथे रस्ता नाही, यानेच तिथे सायकल चालवली होती."

"तो फिर! सायकल चली तो रोड है! ए माणस मरतां मरतां साचुं बोले छे, अने तू?"

मालगाडी हलत नव्हती. वाल्मिकच्या पायाशी प्लॅस्टिकवरून ओघळलेलं रक्त आलं. आणि तेव्हा त्याच्या मनात तो विचार आला, जो पुढे त्याला झोपू देणार नव्हता. त्याला वाटलं, केलाही असेल रस्ता. महापालिका सगळीकडे रस्ते करत सुटलीच होती. एवढ्या महागड्या नकाशात रेघ आहे म्हटल्यावर कोणीतरी ती बघितली असेल, टेंडर काढलं असेल, डांबर टाकलं असेल. चाळीच्या मागच्या खिडक्या वासाने कायम बंद, वर्षभरात आपण त्या बाजूला गेलो कुठे? आपण खोटं बोललो तेव्हा नव्हता, पण सरकारने ते खरं केलं असेल.

त्याने डावीकडे गाडी घातली.

आधी मुरूम लागला. वाल्मिकला खरोखर आनंद झाला. बाण रंगवलेला पत्रा अजून उभा होता. मग राख लागली, मग राखेखालचा चिखल. चाकं गरगर फिरली आणि गाडी खाडीच्या बाजूला कलून बसली. नकाशावरचा लाल ठिपका रेघेवर अगदी मधोमध, व्यवस्थित उभा होता.

"मिगी," बाई म्हणाली. उजवीकडे पाणी होतं.

मागे लांब, फाटकाकडे मालगाडीने शिटी दिली. डबे एकामागून एक सरकले आणि फाटक उघडलं. वाल्मिकने हिलालला पाठीवर घेतलं आणि चिखलातून फाटकाकडे धावायला लागला. गमछा सुटला होता. मुरुमापर्यंत आला तेव्हा हिलालची मान त्याच्या खांद्यावर नुसती हलत होती. तो परत फिरला आणि त्याने हिलालला मागच्या सीटवर ठेवलं, कारण दुसरीकडे ठेवायला स्वच्छ जागा नव्हती. शेठ गाडीच्या टपावर बसले होते. बूट हातात होते.

शेठने मुंबईला फोन लावून आईमाईवरून उद्धार केला. एजंट शांतपणे म्हणाला, दुरुस्ती होईल, पण ती पुढच्या वर्षीच्या सीडीत येईल, आणि त्यासाठी नवी फी भरावी लागेल. शेठ म्हणाले, एक पैसा देणार नाही. म्हणून तो रस्ता नकाशात अजून आहे.

हिलाल त्या दिवशी कामावर आला नव्हता, असं कारखान्याने लिहून दिलं. पोलिसांनी जागा विचारली तेव्हा शेठने स्क्रीन दाखवला, म्हणून पंचनाम्यात 'सार्वजनिक रस्ता' असं आलं. रस्त्यावरच्या अपघाताचं काही मिळतं का म्हणून शोभाबाई वाल्मिकला घेऊन महापालिकेत गेली. तिथल्या साहेबांनी भिंतीवरचा नकाशा बघितला. असा रस्ता नाही, म्हणाले. नसलेल्या रस्त्यावर अपघात होत नाही.

"मंग माणूस कसा मरना?" शोभाबाईने विचारलं.

साहेबांनी वाल्मिककडे बघितलं. मग पुढच्याला आत बोलावलं.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. "वाल्मिकभाऊ, तुमीन त्या दिन त्या मोजणीवालाले खरं सांगतात तं?" तिने एवढंच विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि वाल्मिकला तो असता तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर कदाचित घरं गेली असती. कदाचित काहीच झालं नसतं. तो झाडाखाली टेबल मांडून बसलेल्या अर्जवाल्याकडे गेला आणि सांगत गेला. अर्जवाला गुजरातीत लिहीत गेला, मध्ये एकदा थांबून त्याने वाल्मिकच्या तोंडाकडे बघितलं, मग फी आगाऊ घेतली आणि पुन्हा लिहू लागला. मराठीत तो अर्ज असा होतो:

'मा. आयुक्तसाहेब, सुरत महानगरपालिका. विषय: खाडीकाठच्या रस्त्यास मंजुरी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, नवागाम चाळीच्या मागील रस्ता नकाशात असून जागेवर नाही. तरी सदर रस्ता अपघाताच्या दिवशी दुपारपासून पूर्वलक्षी प्रभावाने, डांबरासह, फक्त एका गाडीच्या एका फेरीपुरता मंजूर करण्यात यावा. फेरी पूर्ण होऊन रुग्ण दवाखान्यात दाखल झाल्यावर रस्ता परत काढून घेण्यास अर्जदाराची कोणतीही हरकत राहणार नाही. कळावे.'