चुंबळीवरचा चेंडू

साहेबांनी अंगठा टेकवला आणि काशीला कमरेपर्यंत मातीत रोवलं.

काशी म्हणजे बोटभर लाकडी बाहुली. अंगावर हिरवी नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हनुवटीवर तीळ आणि डोक्यावर ओझं टेकवायची चुंबळ. त्या चुंबळीवर गोल्फचा चेंडू ठेवायचा. गोल्फवाले जमिनीत खुंटी खोचून तिच्यावर चेंडू बसवतात, त्या खुंटीला टी म्हणतात, एवढं सुभाषने बाहुली कातणाऱ्या वामनला सांगितलं होतं. पुढे तो चेंडू काठीने हाणतात, हे सांगायचं राहूनच गेलं. वामनने तरी कुठे विचारलं? चेंडू ठेवायचा म्हणजे शोकेसमध्ये ठेवायचा, असं धरून चालला बिचारा. जन्म सावंतवाडीचा. तिथली लाकडी आंबे-केळी कुणी खातं थोडंच? काचेमागे मांडून ठेवतात.

सुभाष महाप्याच्या एका कंपनीत कारकून. दिवाळीला परदेशी गिऱ्हाइकांना काहीतरी गमतीचं द्यायचं साहेबांच्या डोक्यात होतं. साध्या टी कुठेही मिळतात. ही नक्षीदार भानगड घ्यावी की नाही, ते बघायला साहेब स्वतः रविवारी फियाट काढून कोपरखैरण्याला आले होते. वामनच्या खोलीमागे जुनी भाताची खाचरं पडीक होती, त्यांत गुडघाभर गवत आणि प्लॉटचे दगड. तिथेच सगळे उभे होते.

"घेण्यासारखी आहे की नुसतीच नखरेल, ते मारल्याशिवाय कळायचं नाही," साहेब म्हणाले आणि गाडीतून काठी घेऊन आले.

"मारायचं?" वामनने सुभाषकडे पाहिलं.

"मग काय, पूजा करायची?" सुभाष हसला.

वामनची बायको, खरी काशी, जाऊन दोन वर्षं झाली होती. वामनने तिचा चेहरा ठरवून केला नव्हता. पण बाईचा चेहरा म्हटलं की त्याच्या हाताला दुसरा येतच नव्हता, त्याला तो तरी काय करणार? रंग वाळेपर्यंत बाहुली फळीवर उभी होती, तेवढे दिवस खोलीत बरं वाटलं. चहा पिताना तो तिला सांगायचा, आज पाणी लवकर गेलं गं. सांगायला कोणी तरी होतं.

साहेबांनी काठी खांद्यामागे नेली.

"अहो, जरा..." वामन पुढे झाला, तोवर खाडकन आवाज आला. चेंडू खाडीच्या दिशेने गेला. बाहुली कमरेत मोडली आणि वरचा तुकडा उडून गवतात पडला.

"झकास!" साहेब खूश झाले. "मारेपर्यंत चेंडू जरासुद्धा हलला नाही."

"पण मोडली की, साहेब," सुभाष म्हणाला.

"मोडणारच. टी मोडायसाठीच असते रे. लोक हसतील, एक-दोन हाणतील, चार लोकांना दाखवतील. दोनशे करा."

"वामनदादा, नशीब उघडलं की तुमचं!" सुभाषने त्याच्या पाठीवर थाप मारली. "दर दिवाळीला काम!"

वामन गवतात गुडघ्यांवर बसून चाचपत होता. तुकडा सापडला. कुंकू शाबूत होतं. त्याने तो धोतराला पुसून मुठीत धरला. दोनशे काशी, आणि प्रत्येकीला काठी. जिवंतपणी त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. पण नाही म्हणावं, तर लाकूड कातायच्या लेथवर पुन्हा गोणपाट पडणार. पोळपाट-लाटणी आताशा कोणी करून घेत नव्हतं. लेथ फिरत असला की घरात आवाज असायचा. तो थांबला की खोली खायला उठायची.

"साहेब, बाई नको," तो उभा राहत म्हणाला. "हमाल करतो. पागोटं, त्यावर चुंबळ."

"का? बाई तर फक्कड आहे!"

"मार खायचा तर गड्याने खावा."

साहेब मोठ्याने हसले. "बरं, हमाल तर हमाल. पण चेहरा असाच जिवंत पाहिजे हं. ठोकळा केलात तर एकही घेणार नाही."

गाडी गेल्यावर वामन लेथवर बसला. पांगाऱ्याचा तुकडा कातला, पागोटं चढवलं, मिशी काढली. नीट पाहिलं तर मिशीआडून काशीच बघत होती. त्याने चेहरा पुसला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ब्रश खाली ठेवून तो बसून राहिला. दुसऱ्या कुणाच्या घरच्या माणसाचा चेहरा मार खायला कसा द्यायचा? राहिला एकच चेहरा. पण तो काही केल्या आठवेना. घरात आरसा नव्हता. काशीच्या लुगड्यांबरोबर तोही मेहुणीकडे गेला होता.

अंगणात घरमालकीण सखू सुपात सुका जवळा निवडत होती. वामन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"वहिनी, मी कसा दिसतो?"

"आँ? बरं हाय ना तुमाला?" सखूने सूप खाली ठेवलं.

"कामासाठी विचारतोय. माझाच चेहरा काढायचाय. नाक, मिशी, डोळे, कसे आहेत ते नीट बघून सांगा."

सखूला आधी हसू फुटलं. मग ती पदराला हात पुसत उठली, जवळ आली आणि खरंच बघू लागली. वामन मान ताठ करून उभा राहिला. कुणी इतका वेळ आपल्या तोंडाकडे बघायची त्याला सवय राहिली नव्हती. त्याचे कान गरम झाले.

"नाक सरल हाय. कान मोठं. मिशी एका बाजूला जास्त कापलीय," ती म्हणाली आणि खाली बसली.

"आणि डोळे?"

सखूने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. जवळ्यातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"डोले हायत तसं नका काढू, भावजी," ती वर न बघता म्हणाली. "कोन घेनार नाय."