बुडावरचं नाव

"मावशी, यांच्या बुडावर काहीच लिहिलेलं नाही!" कोल्ड रूममधून आणलेल्या यीस्टच्या दोन जुन्या डिश उलट्या धरून पीएचडी करणारी पोरगी म्हणाली. "झाकणावर आहे म्हणा, तुमचंच अक्षर. प्रबंधातल्या फोटोला चालेल."

मावशींनी दोन्ही डिश तिच्या हातातून घेतल्या आणि बुडं निरखून पाहिली. एकतीस वर्षं त्यांनी या प्रयोगशाळेत यीस्ट वाढवलं होतं आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी दम भरला होता: नाव बुडावर लिहायचं, झाकणं बदलतात.

यीस्टमधलं एक एंझाइम एका जनुकाला गप्प बसवतं. जनुक गप्प असलं की डिशमधले ठिपके लाल, बोलायला लागलं की पांढरे. पोरीकडे दोन वाण होते. एकात हे एंझाइम कडेला मोडलेलं, दुसऱ्यात मधोमध. मधोमध मोडलेलं निकामीच, म्हणजे ठिपके पांढरेच, असं सगळे धरून चालले होते. पण पोरीकडे नेमकं तेच लाल आलं! त्यापायी तिने दोन वर्षं दिवसरात्र एक केली. उद्या प्रबंध जमा व्हायचा होता.

ते मूळ वाण याच दोन डिशमध्ये मावशींनीच वाढवले होते, नवरा गेला त्या दुपारी. मन थाऱ्यावर नव्हतं, नावं झाकणांवरच लिहिली गेली. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा दोन्ही डिश उघड्या होत्या. हाताला येईल ते झाकण लावून त्या पळाल्या होत्या.

"बाळा, जरा बस," म्हणत मावशींनी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे अदलाबदल झाली?"

"झाली असणार गं. पुन्हा तपासावं लागेल."

दोघी पोरीच्या गाइड मॅडमकडे गेल्या. मॅडमनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. "मावशी, चार महिन्यांत तुम्ही निवृत्त होताय. हिचं उद्या आहे. झाकणावर नाव आहे ना? मग विषय संपला. या दोन्ही आजच ऑटोक्लेव्हच्या वाफेत टाकून नष्ट करा."

मावशींनी पोरीकडे पाहिलं. तिच्यावर त्यांचा फार जीव होता.

"मावशी, प्लीज," ती खाली मान घालून म्हणाली.

हे मात्र त्यांना फार लागलं. डिश उचलून त्या बाहेर आल्या. ऑटोक्लेव्ह उघडाच होता. त्याच्यासमोरून पुढे जाऊन त्यांनी कोल्ड रूम उघडली, मार्कर काढला आणि दोन्ही बुडांवर लिहिलं: 'कुठली कोणती, नक्की नाही.' खाली सही केली आणि तारीख घातली.

त्या दुपारची तारीख त्यांना आठवावी लागली नाही.