ठिणगी नसताना

माझ्या नवऱ्याला, ओरिनला, आता स्वतःचा श्वास पुरत नाही. पलंगाशेजारचं यंत्र घरघरत त्याच्यासाठी प्राणवायू गाळतं आणि त्या घरघरीला माझा जीव टांगलेला असतो.

मार्चमध्ये या खोलीत नव्या तारा घातल्या, नियमाप्रमाणे नवा ब्रेकरही आला. तारेत ठिणगी उडाली की तो हुंगतो आणि वीज तोडतो. पण तो रोज सकाळी नऊच्या सुमाराला तोडू लागला. यंत्र किंचाळायचं. मी तळघराच्या बारा पायऱ्या उतरून खटका वर करायची आणि वर येईतो तो पुन्हा पडायचा. ओरिनचे ओठ निळसर व्हायचे.

झाडायचं यंत्र बंद केलं, शिवणयंत्र बंद केलं. वीजवाल्या गसनं प्रत्येक जोड उघडून पाहिला.

"चोर नसताना भुंकतंय हे कुत्रं, व्हर्ना. काढून साधा बसवतो."

मी हो म्हणणारच होते. पण गावच्या अग्निशमन दलात तीस वर्षं राबलेल्या ओरिननं हात वर केला. "प्राणवायूच्या खोलीत? मग बादली घेऊन तूच बस इथं."

दुसऱ्या दिवशी नऊच्या आधीच मी तळघरात जाऊन बसले. खिडकीतून शेजारच्या लाइलचा आवाज आला. चाळीस वर्षं तो शेडमधल्या बिनतारी यंत्रावर रोज सकाळी जुन्या सोबत्यांची हजेरी घेतो. त्याची लांब तार आमच्याच भिंतीवरून गेलेली.

"आमच्या ओरिनचं सांगतो," तो म्हणाला, आणि डोळ्यांदेखत खटका पडला. वर केला. तो बोलला, पुन्हा पडला. त्याच्या तारेतून सुटणाऱ्या लहरींनाच ब्रेकर ठिणगी समजत होता.

तो गप्प होताच खटका चढवला, ओरिनला पाहिलं आणि शेडमध्ये धावले.

"लाइल, तू बोललास की त्याची वीज जाते."

त्यानं हातातला माइक निखारा टाकावा तसा खाली ठेवला. "मी तर रोज सगळ्यांना त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगत होतो, गं." मग चेहरा उतरला. त्यांच्यात हजेरीला जो गप्प राहिला, तो गेला असं धरतात. बिनतारी बंद करण्याआधी सोबत्यांना तसं सांगायला त्याला एकदा तरी बोलणं भाग होतं.

मी घरी आले. घाईत जोडायला कधीच न जमलेलं प्राणवायूचं राखीव सिलिंडर आज सावकाश जोडलं, नळीतून वारा येतोय ना ते गालाला लावून पाहिलं. मग खिडकीतून लाइलला 'बोल' म्हणून हात हलवला.

तो बोलू लागला आणि पलंगाशेजारचं यंत्र थांबलं. ओरिनच्या छातीवर हात ठेवून मी श्वास मोजू लागले. सिलिंडर अर्ध्या तासाचं, आणि लाइल आयुष्यात कधी थोडक्यात बोलला नाही.