पेज वाहणारा तांब्या

मित्रांनो, मी मुरुडच्या कोळीवाड्यातला एक जुना, फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या आहे. वेणूबाईंनी मला रेवदंड्याच्या बाजारात वाजवून, पारखून घेतलं, ते नवऱ्याबरोबर, म्हणजे अंबाजींबरोबर, दर्यावर पाठवायला. बाकीच्यांच्या भांड्यांत पाणी असे, माझ्या पोटात मात्र तांदळाची पेज. "अंबाजी, बाळंतीण हायस काय रं?" असं खलाशी चिडवत. अंबाजी हसून वेळ मारून नेत. त्यांच्या आतड्याला सूज होती, अधूनमधून शौचातून रक्त जाई, पेजच काय ती सोसे. पण पेजेनं ताकद राहते, एवढंच त्यांनी बायकोलाही सांगितलं होतं.

पुढे वय झालं, दर्या सुटला. घरात प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

गेल्या वर्षी अंबाजींना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. वेळेवर सापडलाय, बरा होईल, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी प्रोटॉन किरणांचे उपचार सुचवले. हे किरण गाठीपाशी थांबतात, पलीकडे फारसे जात नाहीत. पण खर्च डोळे पांढरे करणारा! मुलगा हितेश याच्या नोकरीतल्या विम्यात आईवडीलही होते, त्यांच्या जुन्या दुखण्यांसकट. तरी विमा कंपनीनं नकार कळवला. नेहमीच्या किरणांनी भागतं, मग हे महागडे कशाला? असं त्यांचं म्हणणं.

तपासणीआधी भरपूर पाणी प्यायचं होतं. अंबाजींना बाटलीतलं पाणी जाईना, म्हणून सून ऋतिकानं मला खाली काढून चिंचेनं घासलं. झाकणाच्या आट्यांत पांढरी पेज वाळून बसली होती.

"आई, बाबा यातून पाणीच न्यायचे ना?"

"नाय गो, पेज. पानी कंदी नेलाच नाय."

"का?"

सगळे अंबाजींकडे बघू लागले. त्यांची मान खाली गेली. "रगत जायाचा गो पोरी. सांगायची लाज वाटायची."

"मनाबी नाय सांगलास?" वेणूबाई कडाडल्या.

ऋतिकानं त्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं. दुर्बिणीच्या तपासणीत सूज दिसली. नेहमीचे किरण या आतड्याला सोसणार नाहीत, असं डॉक्टरांनी कंपनीला नव्यानं लिहिलं. मग नुसती वाट बघणं आलं. एका दुपारी हितेशचा फोन वाजला, उपचार मंजूर! वेणूबाईंनी आधी एकवीरा आईला हात जोडले, मग नवऱ्याला दोन शिव्या हासडल्या आणि मग त्या रडल्या.

आता मी अंबाजींबरोबर उपचारांना जातो. परवा शेजारच्या रुग्णानं विचारलं, "काका, तांब्यात काय हो?"

"पानी हाय," अंबाजी खणखणीत म्हणाले. "प्रोस्टेटचा कॅन्सर हाय मना. पानी पिऊनच आत जावा लागतं."

मित्रांनो, घरातल्या जुन्या तांब्याला घासा, न घासा. पण आजोबांना एकदा विचारा, कुठं दुखतंय का. आणि ते हसून वेळ मारून नेऊ लागले, तर तिथून हलू नका.