उंदराचं माप

सुनेशी बोलायला जावं तर ती नुसतं "हं" म्हणायची, हे आक्कांना मुळीच खपत नव्हतं. चार दिवस जेवणाच्या टेबलावर तो लॅपटॉप, त्यात एक उताणा पांढरा उंदीर, आणि ही त्याच्याकडे अशी बघणार, जणू पोटचं पोर तापानं फणफणलंय. सासू समोर बसलीय, तिची पत्रासच नाही.

"भाजीत मीठ नाही," आक्का म्हणाल्या.

"हं."

"भाजीच नाही."

"हं."

आक्कांची शाळा दुसरीत सुटली, पण चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवून त्यांनी तिन्ही पोरं मार्गी लावली होती. टेप न लावता नजरेनं माप घेणारी बाई म्हणून त्यांचा दबदबा. असलं "हं" त्यांनी गिऱ्हाइकाचंही ऐकून घेतलं नव्हतं. खुर्ची ओढून त्या सुनेला खेटूनच बसल्या.

"काय झालंय त्याला? सांग. खात नाही मी तुला."

सून प्रयोगशाळेत कामाला. तिनं सांगितलं ते असं: उंदराच्या यकृतात गाठ आहे. गाठीतल्या पेशी अंधारात मंद चमकतील अशा मुद्दाम केलेल्या आहेत. कॅमेरा तो उजेड बाहेरून टिपतो आणि उजेड आत किती खोलवरून आला, ते संगणक हिशेबानं काढतो.

"आणि हा बघा, गाठ अंगाबाहेर दाखवतोय. हवेत. मी सगळे आकडे बदलून पाहिले, आक्का. उजेडाचा रंग, मांसातून तो किती पार होतो ते, सगळं. उद्या अकरापर्यंत जमलं नाही तर हा प्रयोग बाद. पुन्हा नवे बारा उंदीर, पुन्हा दोन महिने."

"म्हणजे बारा जीव फुकट गेले?"

सुनेनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

आक्कांनी चष्मा चढवला. उंदराभोवती निळी जाळी ओढलेली होती. "हे काय नेसवलंयस त्याला?"

"ती त्याची कातडी. संगणकानं फोटोवरून काढलेली. ते मी पहिल्याच दिवशी ठरवलंय, तिथे काही चुकलेलं नाही."

"खांद्याला बसलीय. पण कुशीला हा झोळ केवढा? यात आणखी एक उंदीर झोपेल."

सुनेनं फोटो मोठा केला. जाळीत कुशीशी काहीतरी करडं दिसत होतं. पांढऱ्या फडक्याची सावलीतली घडी. उंदराखाली रोज काळं फडकं असायचं. या बाराही उंदरांचे फोटो काढले त्या दिवशी ते धुवायला गेलं म्हणून तिनंच पांढरं घातलं होतं, आणि संगणकानं घडीसकट अंग धरलं होतं.

अंग कुठे संपतं, ते ठरवणारा आकडा तिनं जरा वर नेला. जाळी आवळत आली, फडकं बाहेर पडलं. मग हिशेब पुन्हा लावला. त्याला दहा मिनिटं लागली. लाल ठिपका उमटला तो बरगड्यांखाली, यकृतात.

सुनेनं डोळे पुसले. "चार दिवस, आक्का. आणि मी तिकडे बघितलंसुद्धा नाही."

"हुशार आहेस, त्यात वाद नाही," आक्का उठत म्हणाल्या. "पण आपल्या हातानं केलं ते बरोबरच, ही तुझी खोड वाईट. मलाही आहे, म्हणून कळते. घे, उरलेले अकरा उसवायला घे."