न उघडता दिलेला शेरा

वस्तू हातात आली की आधी वजन घ्यायचं, मग कडांवरून बोट फिरवायचं आणि सगळ्यात शेवटी किंमत विचारायची, हा काशिनाथअण्णांचा जन्मभराचा क्रम. भोसरीच्या स्प्रिंगांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढल्यावर माणसाला दुसरा क्रम सुचणार तरी कुठून? त्यांनी नाकारलेला माल कुणी परत पाठवून दाखवावा, अशी त्यांची ख्याती होती. ख्याती भोसरीत राहिली आणि अण्णा मात्र दर दोन वर्षांनी सहा महिने ऑकलंडला राघवकडे येऊन राहत.

मुलाचं घर चांगलं होतं, सून विनिता त्याहून चांगली होती, पण या घरात अण्णांना कुणी काही विचारत नसे. साधा टोस्टर घ्यायचा तर राघव रात्रभर फोनवर लोकांनी दिलेले तारे मोजत बसे. घरात अख्खा तपासनीस बसलेला, आणि मत घ्यायचं ते चारशे अनोळखी लोकांचं! अण्णा एकदा म्हणालेही, "अरे, त्यातल्या एकाला तरी टोस्टर उलटा करून बघायची अक्कल आहे का?" राघव हसला आणि त्याने टोस्टर मागवला.

खंडेनवमीला मात्र त्यांनी सगळी हौस भागवून घेतली. पाटावर राघवचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, स्वयंपाकघरातली मोठी सुरी, सगळं मांडलं. विनिताला म्हणाले, "तुझं शस्त्र?" विनिता रविवारी क्लबात पिस्तुलाची नेमबाजी करायची. तिने हसून मान हलवली. "पिस्तूल तिजोरीतून पूजेसाठी निघणार नाही हं, अण्णा. हवं तर हे रिकामं मॅगझिन ठेवा." मग त्या मॅगझिनला कुंकू लागलं, अक्षता पडल्या, झेंडूचं फूल मिळालं. शुभंकरोतीसुद्धा दोन ओळी जास्त झाली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, बुधवारी रात्री जेवताना, विनिताने विचारलं, "अण्णा, स्प्रिंग बसून ढिली पडली आहे की नाही, हे कसं ओळखायचं हो?"

अण्णांचा हातातला घास हातातच राहिला. पाच खेपा झाल्या होत्या या देशात, आणि पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या विषयातलं विचारत होतं.

विनिताने सगळं नीट सांगितलं. तिचं पिस्तूल छोट्या गोळीचं, स्पर्धेचं; एका निवृत्त सभासदाकडून घेतलेलं, त्याबरोबर एकच मॅगझिन मिळालेलं. मॅगझिन म्हणजे पाच गोळ्यांची चपटी डबी. तळाशी स्प्रिंग, तिच्यावर दट्ट्या, आणि तो दट्ट्या एकेक गोळी वर ढकलतो. गेले काही रविवार चौथी गोळी वरच येत नव्हती. शनिवारी टौरंगाला सामना होता, त्यातून विभागाच्या संघात दोघी जणींना घेणार होते. गेल्या वर्षी तिची संधी तीन गुणांनी हुकली होती. नियम असा, की पिस्तूल एकदा अडलं तर माफ. पुन्हा अडलं तर न सुटलेल्या गोळ्यांचे गुण शून्य.

"नवं मॅगझिन घ्यायचं म्हणतेय. दुकानात तीन-चार प्रकार असतात, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. येता का बरोबर बघायला?"

"येतो म्हणजे काय!" अण्णा म्हणाले आणि रात्री त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला.

दुकान पेनरोजमध्ये, गोदामांच्या रांगेत होतं. बाहेर बंदुकीचं चित्रसुद्धा नाही. आत अरोहा नावाची पन्नाशीची बाई, नाकावर चष्मा आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. "किया ओरा," असा तिथला नमस्कार करून तिने विनिताचं लायसन्स दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मगच कपाट उघडलं. हे अण्णांना पसंत पडलं. जो कागद नीट वाचतो तो मालही नीट ठेवतो, असा त्यांचा अनुभव होता.

तिने हिरव्या कापडावर तीन मॅगझिनं मांडली. पहिलं मूळ कंपनीचं, एकशे साठ डॉलर. दुसरं दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं, पंचावन्न. तिसरं वापरलेलं, नव्वद.

अण्णांनी मनात पन्नासने गुणलं. आठ हजार रुपये! आठ हजारांत शिलाई मशीन येतं, आणि ही तर नुसती डबी. पण किंमत शेवटी. त्यांनी आधी पंचावन्नवालं उचललं, तळव्यावर तोललं आणि शर्टाच्या बाहीचा एक सुटा दोरा ओढून काढला. तो दोरा त्यांनी मॅगझिनच्या वरच्या वळवलेल्या कडांवरून हळूच ओढला. मधेच दोरा अडला आणि त्याचा एक तंतू सुटला.

"कुसळं आहेत कडेला," ते विनिताला म्हणाले. "डोळ्याला दिसत नाहीत, दोऱ्याला कळतात. गोळी इथूनच सरकते ना?"

"इथूनच," विनिता म्हणाली.

अरोहाने चष्मा वर केला. "पुन्हा करून दाखवाल?"

अण्णांनी पुन्हा केलं, आणि कारखान्यातल्या इंग्रजीत समजावूनही सांगितलं. मग वापरलेलं मॅगझिन खिडकीच्या उजेडासमोर धरलं. दोन्ही कडांमधून येणारा उजेड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. कधीतरी काँक्रीटवर पडलं असावं. मूळ कंपनीच्या मॅगझिनवरून दोरा सुळकन गेला, उजेड सरळ आला, दट्ट्या खाली दाबून सोडला तर एका दमात वर आला. अण्णांनी ते असं काही खाली ठेवलं, की किंमत आता विचारायचीच नाही.

"मला इथे नोकरीला माणूस हवाय," अरोहा म्हणाली. अण्णांच्या छातीचं माप त्या दिवशी कुणी घेतलं असतं तर दोन इंच जास्त भरलं असतं.

मग विनिताने पिशवीतून तिचं जुनं मॅगझिन काढलं. अण्णांनी दट्ट्यावर अंगठा ठेवला, दाबला, सोडला. दट्ट्या मध्यावर किंचित रेंगाळला आणि मग वर आला.

"बसली," ते म्हणाले. "स्प्रिंग गेली हिची."

"तळ काढून एकदा आत बघू या का?" अरोहाने विचारलं. "पुष्कळदा नुसती घाण असते. दोन मिनिटांचं काम आहे."

"गरज नाही," अण्णा म्हणाले. "हा अंगठा चौतीस वर्षांचा आहे."

विनिता हसली, अरोहाही हसली. "स्वीट ॲज," म्हणजे 'झकास', असं म्हणून तिने एकशे साठचं बिल केलं. परतताना सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांपाशी थांबून अण्णांनी स्वतःच्या पैशांनी पाव किलो पेढे घेतले. गाडीत विनिता म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं. मी पंचावन्नवालं घेऊन मोकळी झाले असते." अण्णांनी ते वाक्य घरापर्यंत तीनदा मनात म्हणून घेतलं.

शुक्रवारी विनिता घरूनच काम करत होती. चार वाजता तिने तिजोरी उघडून नवं मॅगझिन टेबलावर आणून ठेवलं. "नव्या वस्तूला हळदकुंकू लावू ना?" अण्णांनी विचारलं. "लावा की," ती लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाली. अण्णांनी स्टीलचं ताट आणलं, देवासमोरून कुंकू आणि अक्षता आणल्या, आणि एकशे साठ डॉलरना शोभेल अशी पूजा केली.

पूजा आटोपली तरी त्यांना चैन पडेना. कारखान्यात नाकारलेल्या मालाला लाल चिठ्ठी लावत, आणि त्या चिठ्ठीवर 'कारण' असा रकाना असे. तो रकाना रिकामा ठेवायला एकदा खुद्द साहेबाने सांगितलं होतं, तरी अण्णांनी ठेवला नव्हता. स्प्रिंग बसली म्हणजे किती बसली? एक मिलिमीटर, दोन? पाच वर्षांत बसली की दहा? आता हे कोण सांगणार?

"विनिता, ते जुनं एकदा उघडून दाखवतेस? फेकण्याआधी मोजून ठेवतो."

तिने जुनं आणलं, ते आणि नवं दोन्ही रिकामी असल्याची खात्री केली, तळाची पट्टी कशी सरकवायची ते दाखवलं, आणि दोन्ही मॅगझिनं उघडून सगळे भाग ताटात ठेवले. इतक्यात तिच्या ऑफिसचा फोन आला. ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी बोलू लागली.

अण्णांनी राघवचा डिजिटल कॅलिपर घेतला. आधी नवी स्प्रिंग मोजली, मग जुनी. मग पुन्हा नवी, पुन्हा जुनी. दोन्हींत केसाएवढाही फरक नव्हता.

त्यांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा मोजलं. जुनी स्प्रिंग ठणठणीत होती. नोकरी लागल्या दिवसाइतकी ताठ.

मग दट्ट्या रेंगाळला कशाने? अण्णांना आता खरंच कुतूहल वाटू लागलं, आणि कुतूहल वाटलं की त्यांना आजूबाजूचं भान राहत नसे. त्यांनी जुन्या मॅगझिनची नळी उजेडात धरली. तिच्या एका बाजूला उभी फट होती, दट्ट्याचं बटण वरखाली जायला ठेवलेली. फटीच्या मध्यावर, आतल्या बाजूला, काहीतरी काळपट-लाल चिकटलेलं दिसलं. त्यांनी नळी उलटी करून ताटावर ठोकली.

दोन दाणे पडले. तेलात माखलेले, काळवंडलेले, पण तांदळाचेच. मागोमाग कुंकवाचा चिकट गाळ.

अण्णा त्या दाण्यांकडे बघत राहिले. खंडेनवमी. तीन आठवडे. त्यांनी मुठीने उधळलेल्या अक्षता. मग त्यांनी नव्या मॅगझिनची नळी उचलली. तिच्या फटीत, मघाच्या पूजेचा एक लालभडक दाणा ऐटीत बसला होता. उद्या टौरंगाला चौथी गोळी याच दाण्याने अडवली असती.

विनिता अजून पाठमोरीच होती. आणि अण्णांच्या लक्षात आलं, की ताटात आधीच मूठभर अक्षता आहेत. एक बोट फिरवलं की हे दोन दाणे त्यांत मिसळून जातील. नवी नळी तेल द्यायच्या निमित्ताने पुसून ठेवायची. उद्या गोळी अडणार नाही, विनिताचं काहीच बिघडणार नाही, आणि गाडीतलं ते वाक्यही शाबूत राहील. या घरात त्यांनी पाच खेपांत कमावलेलं तेवढं एकच वाक्य होतं.

बोट ताटापर्यंत गेलंसुद्धा. पण चौतीस वर्षांत रिकामा न सोडलेला रकाना त्यांना आठवला, आणि स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी बोट मागे घेतलं.

फोन संपवून विनिता टेबलाशी आली. "काय निघालं, अण्णा?"

"स्प्रिंग चांगली आहे."

"म्हणजे?"

अण्णांनी ते दोन काळे दाणे बोटाने बाजूला काढले आणि ताट तिच्याकडे सरकवलं. "हे आत होते. खंडेनवमीचे, मी टाकलेले. नव्यातही एक टाकून ठेवलाय आत्ताच. ती बाई सांगत होती उघडून बघा म्हणून, तर मी अंगठा दाखवला तिला. मालात दोष नव्हता गं. तपासनिसात होता."

विनिताने एक दाणा उचलून चिमटीत धरला. ती हसेल असं अण्णांना वाटलं होतं, पण ती हसली नाही.

"अण्णा, पहिले दोन रविवार मला वाटत होतं की माझाच हात बिघडलाय," ती म्हणाली. "क्लबाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलेय मी. स्प्रिंगचं मग खूप उशिरा सुचलं."

आठ हजार रुपयांचा हिशेब त्यांनी मनात तयार ठेवला होता. या रडण्याचा नव्हता. "चुकलो," एवढंच ते म्हणाले. खाली मान घालून बसले, आणि आता पुढचा टोस्टर कसा यायचा ते त्यांना स्पष्ट दिसू लागलं.

विनिता कपडा घेऊन आली. तिने दोन्ही नळ्या आतून बाहेरून पुसल्या, फटींतून काडी फिरवली, स्प्रिंगा घातल्या, तळाच्या पट्ट्या सरकवल्या. मग तिने दोन्ही मॅगझिनं अण्णांच्या पुढ्यात शेजारी शेजारी ठेवली.

"उद्या कुठलं लावू?"

अण्णांनी वर बघितलं. ती चेष्टा करत नव्हती.

"मला कशाला विचारतेस आता? राघवच्या त्या चारशे लोकांना विचार."

"त्या चारशे जणांतल्या एकानेही अजून मला 'चुकलो' म्हणून सांगितलेलं नाही," विनिता म्हणाली. "बघा ना नीट. सकाळी सहाला निघायचंय."

अण्णांनी जुनं मॅगझिन घ्यायला हात पुढे केला, आणि त्यांची नजर स्वतःच्या बोटांवर गेली. पहिली दोन पेरं अजून कुंकवाने लाल होती. ते उठले, बेसिनपाशी गेले आणि साबण लावून आधी हात धुऊन आले.